मारबतीचा धडा : मुलांचा राग, भीती व शोक यांना वाट कशी द्यावी

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषेला तास आहे, गणिताला आहे, परिसर अभ्यासाला व कार्यानुभवाला आहे. मुलाच्या रागाला, भीतीला किंवा शोकाला मात्र स्वतंत्र तास नाही, आणि तसा तो असण्याचे कारणही नाही. कारण राग तासाची वाट पाहत बसत नाही. तो गणिताच्या तासाला येतो, पंगतीत पोषण आहार वाढला जात असता येतो, कबड्डीच्या डावात येतो. भीती फळ्याजवळ उभे राहिल्यावर येते. शोक तर मुलाच्या दप्तरातूनच घरून येतो. म्हणून शिक्षकाची इच्छा असो वा नसो, भावनांचे शिक्षण शाळेत रोज चाललेलेच असते. प्रश्न इतकाच की ते जाणतेपणी चालते की अजाणता.

अजाणता चालणाऱ्या शिक्षणाच्या दोन रीती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पहिली, मुलाला दटावून गप्प बसविणे. दुसरी, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे. पहिल्या रीतीने मूल भावना लपविण्यास शिकते व दुसरीने ती आदळआपट करून मांडण्यास शिकते. भावना ओळखून तिला सामोरे जाण्याची तिसरी रीत कशी शिकवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. नागपुरातील प्रत्येक मुलाने पाहिलेली अथवा ऐकलेली मारबत हाच त्यासाठी उत्तम दाखला आहे.

१. नागपूरची मारबत

श्रावण अमावास्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मागतात. त्याच दिवशी नागपूर शहरात मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून व पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. बांबू, कागद व कापड यांच्या या उंच मूर्ती जुन्या नागपुरातील इतवारीच्या रस्त्यांवरून नेल्या जातात आणि रोगराई, संकटे व इडापिडा घेऊन जा, असे लोक त्यांना एकमुखाने सांगतात. मिरवणुकीनंतर त्यांचे दहन होते. मारबतींसमवेत बडगे निघतात. बडग्या म्हणजे त्या त्या वर्षी लोकांच्या मनात सलणाऱ्या गोष्टीचा पुतळा. कधी तो महागाईचा असतो, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या रोगाच्या साथीचा.

शिक्षणाच्या दृष्टीने या परंपरेतील तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वर्षभर मनात धुमसत राहिलेल्या भयाला व चिडीला येथे नाव आणि रूप मिळते. ज्याला रूप नाही त्याच्याशी झगडता येत नाही. रूप आले की ते समोर ठेवून पाहता येते. दुसरी गोष्ट, हे काम एकट्याने होत नाही. सारे गाव रस्त्यावर येते, व माझ्या मनात जे आहे तेच शेजाऱ्याच्याही मनात आहे, असे प्रत्येकाला कळते. तिसरी गोष्ट, या सगळ्याला दिवस व वेळ ठरलेली आहे. मारबत निघते आणि संपते. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडतात, शाळा भरतात.

मात्र या परंपरेत एक इशाराही आहे. काळी मारबत ही नागपूरच्या भोसले घराण्यातील बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रोषातून निघाली, अशी लोकसमजूत आहे. समजूत खरी की खोटी, हा इतिहासकारांचा विषय होय. शिक्षकाने येथे एवढेच पाहावे की, एकदा एखाद्या व्यक्तीचा पुतळा झाला म्हणजे तिची बाजू ऐकून घेण्यास कोणी थांबत नाही. रोगाचा पुतळा केल्याने रोगाला दुःख होत नाही. माणसाचा पुतळा केल्याने माणसाला होते. वर्गातही हेच घडते. चाळीस मुलांची चिडचिड पुष्कळदा एकाच मुलाच्या माथी मारली जाते. तो अडखळत बोलणारा असेल, मळक्या कपड्यांचा असेल, परगावाहून नवा आलेला असेल. तो त्या वर्गाचा बडग्या होतो. इतर मुलांचे मन हलके होते खरे. पण ते त्याच्या जिवावर.

म्हणून या लेखाचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल : भावनेला नाव द्यावे, तिला वाट द्यावी, पण कोणत्याही माणसाचा बडग्या करू नये, दुसऱ्याचाही नाही आणि स्वतःचाही नाही.

२. शत्रू की भाव?

आपल्या परंपरेत भावनांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक दृष्टी षड्रिपूंची. काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर हे सहा शत्रू असून त्यांना जिंकावे, असे ती सांगते. दुसरी दृष्टी भरताच्या नाट्यशास्त्राची. त्यात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय असे आठ स्थायीभाव सांगितले आहेत. स्थायीभाव म्हणजे मनुष्यमात्राच्या अंतःकरणात मुळातच वसणारे भाव. या आठांपैकी शोक, क्रोध, भय व जुगुप्सा हे चार आपण ज्यांना अवघड भावना म्हणतो त्याच होत. नाट्यशास्त्राने त्यांना हाकलून दिले नाही. उलट त्या चारांपासूनच करुण, रौद्र, भयानक व बीभत्स हे रस सिद्ध होतात असे सांगितले.

मोठ्या माणसाला पहिली दृष्टी उपयोगी पडत असेल. लहान मुलासाठी आधी दुसरी हवी. ज्या मुलाला राग म्हणजे शत्रू असे शिकविले, ते राग येताच स्वतःला वाईट समजू लागते. मग त्याच्यापुढे दोन ओझी होतात, रागाचे एक व राग आल्याच्या अपराधाचे दुसरे. मुलाला प्रथम हे कळले पाहिजे की राग येणे हा दोष नाही. राग आल्यावर हाताने, पायाने व जिभेने काय केले, याचा हिशेब मात्र द्यावा लागतो. भावना व कृती यांतील हा भेद मुलांना पटला की निम्मे काम झाले.

३. रागाविषयी एक गैरसमज

राग मनात साठू देऊ नये, तो कशावर तरी काढून टाकावा, म्हणजे मन मोकळे होते, असा एक समज रूढ आहे. कोणी उशीला बुक्के मारण्यास सांगतात, कोणी पाटी आपटू देतात. मारबतीचे दहन पाहूनही हाच समज दृढ होण्याचा संभव आहे. परंतु त्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्या विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम राग आणविला. नंतर काहींना, ज्याने राग आणला त्याचे चिंतन करीत, बुक्के मारण्याच्या पिशवीवर प्रहार करण्यास सांगितले. काहींना व्यायामाचा विचार करीत प्रहार करण्यास सांगितले. उरलेल्यांना नुसते शांत बसविले. ज्यांनी शत्रूचे चिंतन करीत बुक्के मारले, त्यांचाच राग सर्वांत अधिक राहिला. काहीही न करता बसलेल्यांची स्थिती त्यांच्याहून बरी होती.

याचा बोध असा की, रागाचा सराव केल्याने राग कमी होत नाही. चूल फुंकल्याने विझत नाही, पेटते. म्हणून रागावलेल्या मुलाचे शरीर आधी शांत होऊ द्यावे. त्याला पाणी पिऊ द्यावे, व्हरांड्यात दोन मिनिटे बसू द्यावे, सावकाश दहा श्वास मोजण्यास सांगावे. ही शिक्षा नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगावे. शरीर शांत झाल्यावर बोलणे काढावे. त्याआधी दिलेला उपदेश कानाबाहेरच राहतो.

परंतु शांत होणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे, हेही मुलांना त्याच वेळी सांगितले पाहिजे. काही राग न्याय्य असतो. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बालपणी शाळेत बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे, व तहान लागली तरी पाण्याला हात लावता येत नसे. त्या अपमानाची आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारो अनुयायांसह गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. प्रतिकार करू शकतील असे, सैन्यात राहिलेले लोकही त्यांच्यात होते. तरीही बाबासाहेबांनी सर्वांना शांत राहण्यास सांगितले. तळ्याचा लढा न्यायालयात गेला, व मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे तो राग विझला नाही आणि भडकलाही नाही. तो कामाला लागला. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नागपूर जिल्ह्यातील मुलांना हा धडा विशेष आपलेपणाने सांगता येईल.

४. नाव देण्याचे सामर्थ्य

मुलाला काय होते आहे असे विचारले असता ते बहुधा “काही नाही” किंवा “राग आला” एवढेच सांगते. याचे कारण त्याच्याजवळ शब्द थोडे असतात. पुष्कळदा रागाच्या पोटात दुसरेच काही दडलेले असते. समजा, मधल्या सुटीत एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी भिरकावली. शिक्षकाने त्याला बाजूला घेतले, थोडा वेळ जाऊ दिला व विचारले, “काय झालं रे बाळा?” तो म्हणाला, “तो मले माह्या बापावरून बोलला, गुरुजी.” शिक्षकाने विचारले, “मग तुला राग आला, की लाज वाटली?” मूल थोडा वेळ गप्प राहील आणि कदाचित म्हणेल, “दोन्ही.” या एका शब्दाने सारा प्रसंग बदलतो. कंपासपेटीची भरपाई त्याने करावयाचीच आहे. पण आता शिक्षकाला ठाऊक झाले की या मुलाला शिक्षेपेक्षा आधाराची गरज अधिक आहे.

नाव देण्याने मन निवते, हा केवळ अनुभव नाही. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना रागीट व भ्यालेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखविली आणि त्यांच्या मेंदूतील हालचाल यंत्राने टिपली. चेहऱ्यावरील भावनेला योग्य शब्द निवडण्यास सांगितले असता, मेंदूतील धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची खळबळ कमी झालेली आढळली.

या बाबतीत मराठी भाषा संपन्न आहे. एका रागाचेच किती प्रकार! रुसवा, फुरंगटणे, धुसफुस, तणतण, वैताग, चीड, संताप. भीतीचे पाहावे तर धाकधूक, धास्ती, धडकी, दचकणे, बुजणे. दुःखाचे हिरमोड, खंत, हुरहूर, उदासी, आक्रोश. हेवा वेगळा, मत्सर वेगळा. ओशाळणे वेगळे, शरमणे वेगळे. भाषेच्या तासाला हे शब्द अर्थभेदासह शिकविले तर शब्दसंपत्तीही वाढेल व मनाची ओळखही होईल. येथे एक पथ्य पाळावे. मूल ‘भीती’ न म्हणता ‘भेव’ म्हणाले तर ते सुधारू नये. रामटेक व पारशिवनीकडील एखादे मूल गोंडीत सांगेल, कामठीकडील हिंदीत सांगेल. प्रमाणभाषा शिकविण्यासाठी दुसरे पुष्कळ प्रसंग आहेत. मन उघडे करणाऱ्याचे व्याकरण तपासू नये.

५. भीती : पायरी पायरीने

भीती घालविण्यासाठी मुलाला एकदम भीतीच्या तोंडी देणे, किंवा “यात घाबरण्यासारखे काय आहे?” म्हणून हसणे, या दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याला सशाचे फार भय वाटे. तो आवडीचे पदार्थ खात असता पिंजऱ्यातील ससा प्रथम दूर ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. काही काळाने पीटर सशाला कुरवाळू लागला.

हीच पद्धत शाळेत योजता येते. फळ्याजवळ जाऊन बोलण्यास भिणाऱ्या मुलाने प्रथम जागेवर बसून एक वाक्य वाचावे. मग शेजारच्या मित्रासह उभे राहून वाचावे. मग चार मुलांच्या गटापुढे, व शेवटी वर्गापुढे. प्रत्येक पायरीवर ते स्थिर झाले की पुढची पायरी घ्यावी. एखाद्या दिवशी ते मागे सरले तर त्याला टोचून बोलू नये. ज्या भीतीचे कारण खरे आहे, तिच्याशी मात्र निराळे वागावे. वाटेतील पूर आलेला नाला, रस्त्यावरील भरधाव वाहने, घरातील मारहाण, यांची भीती मुलाच्या मनातून काढावयाची नसते. धोका त्याच्या वाटेतून काढावयाचा असतो. शिक्षकाच्या छडीची भीतीही याच वर्गातील आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे.

६. शोक : तेरवीनंतर शाळेत आलेले मूल

सर्वांत कठीण प्रसंग हा आहे. घरातील माणूस गेलेले मूल दहा-पंधरा दिवसांनी शाळेत येते. विदर्भातील अनेक गावांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येचा घाव सोसला आहे. त्या घरांतील मुले जिल्हा परिषदेच्या शाळांतच शिकत आली आहेत. अशा मुलापुढे काय बोलावे हे न सुचून शिक्षक पुष्कळदा काहीच बोलत नाहीत, किंवा “रडू नकोस, आता तूच घरचा कर्ता” असे म्हणतात. हेतू चांगला असतो, पण नऊ वर्षांच्या मुलावर घराचे ओझे टाकले जाते व त्याचे रडणे बंद केले जाते.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

मूल येण्यापूर्वी वर्गातील मुलांना थोडक्यात सांगावे की, आपल्या मित्रावर मोठे दुःख आले आहे. त्याला खोदून विचारू नये, त्याच्यापासून दूरही पळू नये, नेहमीप्रमाणे खेळावयास बोलवावे.

मूल आल्यावर सर्वांसमक्ष गाजावाजा करू नये. शिक्षकाने जवळ जाऊन हळूच म्हणावे, “तुझे बाबा गेले, मला फार वाईट वाटलं. तुला बोलावंसं वाटलं तर मी आहे. नाही वाटलं तरी चालेल.” एवढे पुरे. ‘देवाघरी गेले’, ‘गावाला गेले’ असे मोघम शब्द लहान मुलाला गोंधळात टाकतात. ते वाट पाहत बसते.

मृत्यू कसा झाला याची चर्चा करू नये, व गावातील कुजबुज शाळेच्या आवारात शिरू देऊ नये. मुलाने विचारले तर त्याला निःसंदिग्ध सांगावे की, जे घडले त्यात तुझा काही दोष नाही. आपण त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा गेले, असे मुले मनोमन धरून बसतात. स्वतःचाच बडग्या करणे म्हणतात ते हेच.

नेहमीचे काम त्याला द्यावे. हजेरीचा तक्ता भरणे, झाडाला पाणी घालणे यांसारखी लहान कामे मनाला टेकू देतात. अभ्यासात मागे पडले तर काही काळ सवलत द्यावी. रडू आले तर बाहेर जाऊन येण्याची खूण ठरवून द्यावी. ते एखाद्या दिवशी हसले-खेळले तर ‘दुःख विसरला’ असे समजू नये. मुलांचा शोक लाटांनी येतो व जातो. सण, वर्षश्राद्ध, पेरणीचे दिवस अशा वेळी तो पुन्हा वर येतो.

शोकाला शब्द सापडण्यास किती काळ लागतो, याचे उदाहरण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेल्या पुस्तकात आहे. साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून काम करून पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. मधे सुमारे सोळा वर्षे गेली. ज्या शोकाला असे शब्द मिळाले, त्याने पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना आईकडे पाहण्याची दृष्टी दिली. आणि तरीही हे विसरून चालत नाही की, मुलांना इतके प्रेम देणाऱ्या त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. मोठ्या मनाच्या माणसालाही मदतीची गरज असते. केवळ शब्दांनी प्रत्येक वेदना शमत नाही.

७. शिक्षकाची मर्यादा

म्हणून शिक्षकाने आपली मर्यादा ओळखावी. तो ऐकू शकतो, धीर देऊ शकतो, वेळ देऊ शकतो. तो वैद्य नव्हे. मुलाचे खाणे-झोपणे आठवड्यामागून आठवडे बिघडलेले असेल, ते सर्वांपासून तुटले असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याच दिवशी पालकांशी व मुख्याध्यापकांशी बोलावे व तज्ज्ञाची मदत घ्यावी. मरणाविषयी मुलाला सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच त्याला आधार वाटतो.

नागपुरात १८६४ पासून मनोरुग्णालय आहे. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या नावाने कित्येक कुटुंबे बिचकतात. ताप आल्यावर दवाखान्यात जाण्यात जशी लाज नाही तशी येथेही नाही, हे पालकसभेत शिक्षकानेच सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावेत.

“कोणाला सांगणार नाही” असे वचन मात्र मुलाला देऊ नये. त्याऐवजी “तुझ्या भल्यासाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन” असे म्हणावे. कारण मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

८. पाठटाचण

इयत्ता : चौथी. विषय : मराठी. घटक : मनातील भावनांची नावे. अवधी : एक तास. साहित्य : कागदाच्या चिठ्ठ्या, झाकण असलेला डबा, तीन पाकिटे.

प्रस्तावना : तान्ह्या पोळ्याला काय काय पाहिले, मारबतीला लोक काय घेऊन जाण्यास सांगतात, यंदा कशाकशाचे बडगे निघाले, असे प्रश्न विचारावेत. खेड्यातील मुलांना आपल्या गावची रीत सांगू द्यावी.

हेतुकथन : गावाच्या मनात जसे काही सलते तसे आपल्याही मनात सलते, आज आपण त्याला नावे देऊ.

विषयविवेचन : लहान लहान प्रसंग सांगून कोणता शब्द योग्य, ते मुलांकडून काढून घ्यावे. उदाहरणार्थ, सहलीच्या दिवशीच पाऊस आला (हिरमोड). मित्राला नवी सायकल मिळाली (हेवा). उत्तर चुकले व सारे हसले (ओशाळणे). आई बाजारातून यायला उशीर झाला (धाकधूक). शब्द फळ्यावर लिहावेत. एका प्रसंगाला दोन शब्द आले तर दोन्ही ठेवावेत.

उपयोजन : प्रत्येकाने आपल्या मनात सलणारी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहावी किंवा तिचे चित्र काढावे. नियम दोन. कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहावयाचे नाही. ‘अमका वाईट’ असे न लिहिता ‘मला चिडवतात तेव्हा रडू येते’ असे लिहावे. ज्याला लिहावयाचे नाही त्याने कोरी चिठ्ठी टाकावी. एकट्या शिक्षकाशीच बोलावयाचे असल्यास चिठ्ठीच्या मागे आपला हजेरी क्रमांक लिहावा. शिक्षकाने चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत. तास संपल्यावर त्या तीन पाकिटांत वेगळ्या कराव्यात : सोडून देण्याजोगे, शिकून सुधारण्याजोगे, आणि मोठ्यांनी लक्ष घालण्याजोगे.

संकलन : पाण्याचा घोट, दहा श्वास, नाव व मदत या चार पायऱ्या मुलांकडून म्हणवून घ्याव्यात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी आहे. पहिल्या पाकिटातील चिठ्ठ्या मुलांच्या देखत फाडून शाळेच्या खतखड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. ती त्यांची छोटी मारबत होईल. पण तिसरे पाकीट फाडावयाचे नाही. त्यातील प्रत्येक चिठ्ठी म्हणजे शिक्षकावर पडलेले काम आहे. मुलांनी विश्वासाने लिहावे आणि पुढे काहीच घडू नये, असे झाल्यास ती पुन्हा कधी लिहिणार नाहीत.

९. शिक्षकांसाठी स्वाध्याय

(१) आपल्या वर्गात सध्या कोणते मूल इतरांच्या चिडीचे लक्ष्य झाले आहे? ते एका आठवड्यात कोणाशी व किती वेळा बोलते, याचे निरीक्षण करावे.

(२) गेल्या महिन्यात शिक्षा अथवा समज दिलेल्या तीन प्रसंगांत मुलाच्या रागाखाली दुसरी कोणती भावना असावी, याचा विचार करून नोंद ठेवावी.

(३) घरात मृत्यू, स्थलांतर किंवा मोठे आजारपण झालेल्या मुलांची माहिती मुख्याध्यापकांशी बोलून घ्यावी, व प्रत्येकाकडे कोणत्या शिक्षकाने लक्ष द्यावयाचे ते ठरवावे.

(४) केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत या पाठाचा अनुभव मांडावा. मुलांची नावे मात्र सांगू नयेत.

मूल शाळा सोडून जाताना किती पाढे घेऊन गेले, हे परीक्षेत दिसते. राग आला असता ते हात उगारील की शब्द शोधील, अपयश आले असता कोणाजवळ तरी जाईल की एकटे कोपऱ्यात बसेल, हे पुष्कळ वर्षांनी, एखाद्या अवघड रात्री दिसणार आहे. त्या रात्री शिक्षक जवळ नसेल. चौथीत शिकलेली चार नावे व ‘मदत मागण्यात लाज नाही’ हे एक वाक्य मात्र जवळ असू शकेल. तेवढे त्याच्या पदरी घालणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.